मिती, तिथी आणि तारीख

संगणकावर आठवण करून देणारी दिनदर्शिका निवडायची झाली की चौकशी ठरलेली असते: फुकट आहे का, मोबाइलशी जुळते का, घंटा वेळेवर वाजते का. जालना जिल्ह्यात मात्र त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. ही दिनदर्शिका दिवस कोणत्या हिशेबाने मोजते? या मुलखात दिवस एकाच हिशेबाने कधी मोजलाच गेला नाही. इथे आठवण ठेवणे म्हणजे एका गणनेतला दिवस दुसऱ्या गणनेत अचूक उतरवणे, आणि हे काम शतकानुशतके कोणा ना कोणा माणसाने अंगावर घेतलेले होते. तेच काम आता आपण यंत्राकडे सोपवत आहोत, तेव्हा त्या माणसांना जे येत होते ते यंत्राला येते का, हे तपासणे भाग आहे.

सप्टेंबर 1948 पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते. कचेरीत फसली सन चाले. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. त्या हिशेबाने सारा मागितला तर काही वर्षांतच वसुली पीक उभे असताना दारात येणार. म्हणून मोगल काळात वसुलीसाठी सुगीशी बांधलेले वेगळे वर्ष आले, तेच फसली. हैदराबाद राज्यात ते ऑक्टोबरात आजर महिन्याने सुरू होई. मशिदीत आणि रमजान-मोहरमाला हिजरी गणना कायम राहिली. घरात आणि देवळात शालिवाहन शके, व्यापारी पेढीवर विक्रम संवत, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली तिच्या वेळापत्रकात इंग्रजी तारीख. यातल्या एकीनेही दुसरीला हुसकावले नाही, कारण प्रत्येकीचे काम निराळे होते. याला गोंधळ म्हणणे मला पटत नाही. ती कामाची वाटणी होती.

‘जालना सोने का पालना’ म्हणवणाऱ्या या बाजारात ही वाटणी किती बारीक होती ते एकाच दिवसावरून दिसते. गोकुळाष्टमी मराठी घरात श्रावण वद्य अष्टमी असते. मारवाडी पेढीवर तोच दिवस भादवा बदी आठम, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि वद्य पक्ष पुढच्या महिन्यात मोजला जातो. दिवस एक, आकाश एक, आणि महिन्याची नावे दोन. हुंडीवर मिती लिहिलेली असे आणि तिच्यावरून मुदत धरली जाई. अशा वेळी ‘श्रावण वद्य’ की ‘श्रावण बदी’ यातली चूक पुऱ्या महिन्याची ठरली असती. ती होऊ न देणे मुनिमाचे काम. गावात तेच काम ग्रामजोशी करी: पाडव्याला पंचांग वाचून वर्ष सांगायचे, घरोघरच्या श्राद्धतिथी ध्यानात ठेवायच्या. कचेरीच्या बाजूने पटवारी. पुढे छापील पंचांग आले, आणि 1973 साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले. त्याच्या एका चौकटीत तारीख, तिथी, नक्षत्र, मुसलमानी तारीख शेजारी शेजारी नांदतात, आणि उरलेल्या जागेत दुधाचा खाडा लिहिता येतो. स्मरणयंत्राचा याहून चांगला नमुना आपल्याकडे झालेला नाही, असे माझे मत आहे.

संगणकाने ही चौकट मोडली. दिनदर्शिकांची आपसांतली देवाणघेवाण ज्या मानकावर चालते ते ‘आयकॅलेंडर’ 1998 सालचे. ‘दर सोमवारी’ किंवा ‘महिन्याचा दुसरा शनिवार’ ही आठवण त्यात सहज लिहिता येते. ‘दर वद्य चतुर्थी’ लिहिता येत नाही. 2015 मध्ये इतर गणनांसाठी त्याला जोड मिळाली. तिच्यामागच्या यादीत हिब्रू आहे, चिनी आहे, 22 मार्च 1957 पासून लागू झालेली आपली राष्ट्रीय दिनदर्शिकाही आहे. पण ती सौर, तिच्यात तिथीच नाही. तिथी फार गुंतागुंतीची, क्षय-वृद्धी होते, पंचांगापंचांगांत फरक पडतो, असे यावर सांगितले जाते. गुंतागुंत खरी आहे, पण हिब्रू आणि चिनी गणनांतही अधिक महिना आहे आणि त्या यंत्राला जमल्या. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातले बारा-बारा अंशांचे अंतर. पंचांगकर्त्यांचे मतभेद असतील तर यंत्राने त्यांतले कोणते पंचांग धरायचे ते विचारावे. घराघरांत तेच विचारले जाते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: 1948 नंतर सरकारी व्यवहार एका तारखेवर आला, त्याने सोय झाली, मग जुने कशाला उगाळायचे? सोय झाली हे मान्यच. जालन्याच्या बियाणे बाजाराला तर तारीख पुरते, कारण मृग नक्षत्र सूर्यावरून ठरते आणि 7-8 जूनलाच लागते. पण राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी लोटते ती तारखेवर नाही. वद्य चतुर्थी, तिचा चंद्रोदय आणि मंगळवार असे तिन्ही जुळावे लागते. कचेरीतली गणनाही सुटलेली नाही. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर, 2023 पासून, मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जुन्या कागदावर ‘खुर्दाद 1345 फसली’ दिसले तर आजर ते डिसेंबर 590 आणि पुढे 591 मिळवून तो एप्रिल 1936 च्या आसपासचा महिना आहे, हे कोणीतरी काढावेच लागते.

म्हणून निवड करताना बाहेरून तिथीची यादी जोडून घेता येईल, आपल्या नोंदी फाइल म्हणून परत काढता येतील आणि गाव विचारून तिथला सूर्योदय धरला जाईल, असेच साधन घ्यावे. गाव का विचारायचे, याला 2026 ची ज्येष्ठ पौर्णिमा पुरेशी आहे. ती 30 जूनला पहाटे साडेपाचच्या सुमारास संपते. कोलकात्यात तोवर सूर्य उगवून गेलेला असतो, जालन्यात उगवायला वीसेक मिनिटे बाकी असतात. म्हणजे 30 तारखेला तिकडे सूर्योदयाची तिथी पौर्णिमा आणि इकडे प्रतिपदा. त्याच वर्षी अधिक ज्येष्ठही आहे. 2025 ची वटपौर्णिमा 10 जूनला होती. संगणकात ‘दर वर्षी’ असे टाकून ठेवले तर तो 2026 मध्येही 10 जूनलाच घंटा वाजवील. अर्धवट तिथी शिकलेला 31 मे दाखवील, पण ती अधिकातली पौर्णिमा. अधिक महिना ओळखणारा आणि जालन्याचा सूर्योदय धरणारा 29 जून सांगेल.