हौशी मंडळी आणि परक्याचा रंगमंच

‘हौशी’ म्हटलं की आपल्याला नाटकवाली मंडळी आठवतात. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम, वर पदरमोड. यूट्यूब उभं राहिलं ते अशाच माणसांच्या जोरावर.

तिथली पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ ची. संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभे राहून बोलतात. अवघे १९ सेकंद. पण बघा, ‘एवढंही चालतं’ हा धीर त्यातून इतरांना मिळाला. पुढच्याच वर्षी गूगलनं हे संकेतस्थळ १६५ कोटी डॉलरला घेतलं. २००७ पासून निवडक निर्मात्यांना जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळू लागला. हौसेला मोबदला मिळावा, यात गैर काहीच नाही.

अडचण पुढे आली. २०१७ मध्ये वाट्यासाठी चॅनेल एकूण १०,००० वेळा पाहिलं गेलेलं असणं पुरेसं होतं. २०१८ मध्ये १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहिलं जाणं, अशी अट आली. ज्यांना आधी वाटा मिळत होता, अशी अनेक लहान चॅनेलंही त्यामुळे बाहेर पडली. नियम मालकानं केला, मालकानंच बदलला.

नाटकमंडळी एक नाट्यगृह सोडून दुसऱ्यात प्रयोग लावू शकते. इथं जागा सोडली, की जमवलेला प्रेक्षक मागेच राहतो. मग निर्माता हळूहळू अटीकडे बघून कार्यक्रम करू लागतो. तेव्हा आपण स्वतःला एवढंच विचारावं: उद्या हे आकडे दिसेनासे झाले, तरी हा कार्यक्रम आपण करू का?