नांगर, बंदूक आणि गावसभा: मिनिटमनची कुळकथा

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये कॉन्कॉर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या नॉर्थ ब्रिजजवळ १८७५ साली डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी घडवलेला मिनिटमनचा पुतळा उभा राहिला. एक हात नांगरावर, दुसऱ्या हातात ठासणीची बंदूक. तो पाहून वाटतं, शेतकऱ्याने नांगर टाकला, बंदूक उचलली आणि ब्रिटिशांवर तुटून पडला. मला मात्र त्या माणसांचं खरं मोठेपण लढाईच्या आदल्या हिवाळ्यात दिसतं.

सूचना मिळताच निघणाऱ्या माणसांची ही प्रथा तशी जुनी. मॅसॅच्युसेट्स तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती आणि तिथे पगारी फौज नव्हती. सोळा ते साठ वयाच्या बहुतेक पुरुषांनी बंदूक बाळगायची आणि ठरल्या दिवशी कवायतीला यायचं, असा कायदा होता. हीच मिलिशिया. १६४५ साली वसाहतीच्या विधिमंडळाने हुकूम काढला की दर शंभरांतल्या तीस जणांनी अर्ध्या तासाच्या सूचनेवर निघायला तयार असावं. तेव्हा धास्ती होती मूलनिवासींशी लढाई जुंपण्याची, आणि ही गावं वसत होती ती त्यांच्याच जमिनीवर. हेही या कुळकथेत सांगितलंच पाहिजे.

अर्ध्या तासाचं मिनिट झालं ते १७७४ साली. लंडनच्या पार्लमेंटने नवा कायदा करून वसाहतीच्या गावसभांवर बंधनं घातली. जिथे रस्त्यापासून शाळेपर्यंत सगळं गाव मिळून ठरवत होतं, तिथे आता गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षाला एकच सभा. १ सप्टेंबरला वसाहतीचा गव्हर्नर असलेल्या जनरल गेज याच्या सैनिकांनी बॉस्टनजवळच्या कोठारातली बंदुकीची दारू उचलून नेली. गोळीबार झाल्याची खोटी आवई उठली आणि हजारो लोक शस्त्रं घेऊन केंब्रिजच्या वाटेला लागले. लोक निघतात, पण त्यांना सांभाळणारं कुणी नाही, हे त्या गर्दीने दाखवून दिलं.

मग वूस्टर परगण्याच्या परिषदेने मुळालाच हात घातला. मिलिशियाच्या अधिकाऱ्यांनी राजीनामे द्यावेत आणि गावांनी नवे निवडावेत, असं तिने ठरवलं. एक तृतीयांश माणसांनी मिनिटाच्या सूचनेवर सज्ज राहावं, अशी शिफारसही केली. २६ ऑक्टोबरला गावांच्या प्रतिनिधींच्या प्रांतिक काँग्रेसने ही कल्पना सबंध वसाहतीसाठी उचलली: निदान चौथा हिस्सा माणसं, किमान पन्नास शिपायांची तुकडी, आणि कप्तान तुकडीनेच निवडायचा. ज्याच्या हुकमावर मरायचं तो आपण निवडलेला असावा, ही गावसभेचीच रीत रणांगणापर्यंत पोचली होती. माझ्या लेखी मिनिटमनचा जन्म इथला.

पुढचं काम कष्टाचं होतं. सराव आठवड्यातून दोन-तीनदा, तोही गोठवणाऱ्या थंडीत. अनेक गावांनी त्यासाठी मजुरी ठरवली, कारण गेलेला दिवस शेतकऱ्याला परवडत नाही. अ‍ॅक्टनचा कप्तान आयझॅक डेव्हिस बंदुका घडवणारा कारागीर. त्याने आपल्या माणसांना संगिनी आणि काडतुसांच्या पेट्या पुरवल्या, घरामागे नेमबाजीची जागा केली.

१९ एप्रिल १७७५ ला हे सारं कसाला लागलं. बॉस्टनहून निघालेल्या ब्रिटिश फौजेसमोर पहाटे लेक्सिंग्टनला जॉन पार्करची सुमारे ७७ माणसं उभी होती. ती मिनिटमनही नव्हेत, गावची साधी मिलिशिया. आठ जण पडले. जखमींत प्रिन्स एस्टाब्रुक हा गुलाम होता. स्वतः दुसऱ्याच्या मालकीचा असून तो त्या रांगेत होता. नंतर कॉन्कॉर्डच्या पुलावर संगिनी असलेली अ‍ॅक्टनची तुकडी पुढे झाली, आणि पहिल्या काही गोळ्यांतच डेव्हिस गेला. बॉस्टनला परतेपर्यंत ब्रिटिशांचे ७३ जण ठार झाले, वसाहतीचे ४९.

मिनिटमनच्या तुकड्या त्याच वर्षी मोडल्या. १४ जूनला सगळ्या वसाहतींच्या मिळून खंडीय सैन्याची स्थापना झाली आणि ब्रिटिशांच्या ताब्यातल्या बॉस्टनला वेढा घालून बसलेली माणसं ठराविक मुदतीच्या करारावर त्यात आली. डिसेंबरमध्ये कनेक्टिकटच्या शिपायांची मुदत संपली, तसे ते घरी निघाले. सेनापती वॉशिंग्टन संतापला. मला त्यांचं वागणं समजतं: करार मुदतीचाच होता, आणि घरी शेत वाट पाहत होतं. त्यांच्या रिकाम्या जागा भरायला मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधून पाच हजार मिलिशिया बोलावावी लागली. ती आली, वेढा टिकला, आणि १७ मार्च १७७६ ला ब्रिटिशांनी बॉस्टन सोडलं.