युव्हिआयटिसवरील इंजेक्शनांच्या चाचण्या

डोळ्याच्या मधल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थराचा दाह म्हणजे युव्हिआयटिस. हा विकार बहुधा ऐन कमावत्या वयात गाठतो आणि वारंवार उलटतो. डोळ्याच्या मागच्या भागापर्यंत थेंबांचे औषध पुरेसे पोचत नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. म्हणून औषध थेट डोळ्यात टोचण्याचे उपाय पुढे आले.

भारतातील चाचणी : फ्लुओसिनोलोन असिटोनाइड हे स्टिरॉइड असलेली, सुमारे तीन वर्षे औषध सोडणारी सूक्ष्म नळी भारतातील १५ केंद्रांवर १५३ रुग्णांत तपासली गेली. १०१ जणांना ही नळी, तर ५२ जणांना इंजेक्शनचा केवळ आभास देण्यात आला. सहा महिन्यांत विकार उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे २२ व ५४ टक्के होते. याच नळीच्या आधीच्या चाचणीत हे आकडे १८ व ७९ टक्के होते. नळी घेतलेल्यांचे आकडे जवळजवळ सारखे असले, तरी तुलनेच्या गटांत मोठा फरक पडला. एकाच चाचणीवर विसंबून लाभ किती हे ठरवू नये, याचे हे स्पष्ट उदाहरण. दोन्ही चाचण्यांच्या आधारे अमेरिकेत २०१८ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली.

धोके : स्टिरॉइडमुळे मोतीबिंदू वाढतो. डोळ्यातील दाब चढून काचबिंदूची भीती असते. इंजेक्शनमुळे क्वचित डोळ्यात जंतुसंसर्गही होतो. भारतात क्षयजन्य युव्हिआयटिस आढळतो. संसर्ग ओळखण्याआधी स्टिरॉइड टोचल्यास तो बळावू शकतो. त्यामुळे दाह शमला एवढ्यावर उपचार यशस्वी मानता येत नाही. दाब, मोतीबिंदू आणि प्रत्यक्ष दृष्टी यांचीही नोंद दीर्घकाळ ठेवावी लागते.

दिल्लीचे स्थान : अशा चाचण्यांशी संबंधित राष्ट्रीय संस्था दिल्लीत आहेत. नव्या औषधाच्या चाचणीस परवानगी देणाऱ्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचे मुख्यालय नवी दिल्लीत कोटला रोडवर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची चाचणी-नोंदवहीही दिल्लीतूनच चालते. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांसाठी सक्तीची झाली. एम्समधील डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र (स्थापना १९६७) हे नेत्रोपचार व संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे.

रुग्णाचे हक्क : नवी औषधे व त्यांच्या चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीची मंजुरी व रुग्णाची समजून दिलेली संमती आवश्यक आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई मिळते. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि तो त्याला पहिल्याच भेटीत, त्याच्या भाषेत सांगितला गेला पाहिजे.