पडद्यावरच्या राक्षसाचं कूळ

ड्रॅक्युलाच्या झग्याची ती उभी कॉलर नाटकवाल्यांनी शिवली. हॅमिल्टन डीनने 1924 साली इंग्लंडमध्ये ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचं नाटक केलं, त्यात नटाला सगळ्यांच्या देखत नाहीसं व्हायचं असे. तो पाठ करून उभा राही, कॉलरीआड डोकं दिसेना होई आणि रंगमंचाच्या चोरफळीतून तो खाली सटके; धरणाऱ्यांच्या हाती नुसता झगा. 1931 च्या चित्रपटाला या युक्तीची गरज नव्हती, पण कॉलर ड्रॅक्युलाला चिकटली ती चिकटलीच. मेरी शेलीच्या 1818 च्या कादंबरीतला फ्रँकेनस्टाइनचा जीव तर मिल्टन वाचतो, घडाघडा बोलतो. 1823 साली लंडनच्या रंगभूमीने त्याला मुकं केलं, आणि पुढे पडद्यावर बोरिस कार्लॉफच्या वाट्याला आधी गुरगुरणंच आलं.

आपला राक्षसही असाच नाटकातून आला. आमच्या भूमकडून तुळजापूरला ज्योत आणायला जाणाऱ्या पोरांना महिषासुर कोण हे सांगावं लागत नाही. पुराणातल्या या ओळखीच्या मंडळींना विष्णुदास भाव्यांनी 1843 पासून सांगलीत नाटकात उभं केलं. मशालीवर राळेची पूड पडली की भपकन जाळ उठे आणि त्या उजेडात तोंड रंगवलेला राक्षस ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकत तलवार परजत येई.

मूकपटाने ती आरोळीच काढून घेतली. फाळक्यांच्या ‘लंकादहन’ (1917) आणि ‘कालियामर्दन’ (1919) मध्ये सगळी भिस्त देहावर आणि कॅमेऱ्याच्या करामतीवर. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी 1920 साली ‘सैरंध्री’ काढला. त्यातला कीचक राक्षस नव्हे, विराटाचा मेहुणा. खाडिलकरांच्या नाटकाने तो आधीच घरोघरी पोचवलेला. पेंटरांनी त्याचा वध इतका हुबेहूब दाखवला, की ते दृश्य कापावं लागलं.

मला सगळ्यात मोठी झेप वाटते ती पेंटरांच्याच हाताखाली शिकलेल्या शांतारामांची. प्रभातचा ‘अमृतमंथन’ (1934) ना. ह. आपट्यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीवरचा. त्यातला राजगुरू बळी देण्याच्या प्रथेसाठी राजाचाही जीव घ्यायला निघतो. मराठीत ही भूमिका केशवराव दात्यांची, म्हणजे नाटकातल्याच नटाची, हिंदीत चंद्रमोहनची. तिथे राळ नाही, रंगवलेलं तोंड नाही. चंद्रमोहनचा एक डोळा अख्खा पडदा व्यापतो, आणि तेवढ्यानेच धडकी भरते.