नॉकिंग व आयडलिंगला बंद पडणे (पेट्रोल इंजिन)

सिग्नलला उभ्या मोटारीच्या इंजिनातून ठोक्यांचा आवाज येणे आणि रेस सोडताच ते बंद पडणे, ही गॅरेजमध्ये एका दमात सांगितली जाणारी तक्रार. वास्तविक या दोन तक्रारी आहेत. त्यांचे मूळ कधी एक असते, बरेचदा नसते. निदानाचे निम्मे काम त्यांची फारकत करण्यातच जाते.

ठोक्याचे प्रकार : पाठ्यपुस्तकातले नॉकिंग ज्वलनाचे असते. ठिणगी पडून ज्योत पुढे सरकत असताना सिलिंडरच्या टोकाला उरलेले मिश्रण दाब आणि उष्णतेमुळे आपोआप पेटते, दाबाच्या लाटा धातूवर आदळतात आणि टणटण ऐकू येते. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी या घटनेचा पाठपुरावा केला. अमेरिकेत टॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेडचा उतारा सापडला. त्याचे विष हवेत पसरत राहिले आणि भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबली.

मात्र या नॉकिंगला इंजिनावर भार लागतो. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ मिटलेले असते, सिलिंडरमध्ये मिश्रण थोडे जाते, दाब कमी राहतो. त्यामुळे खंबाटकी घाटात वरच्या गिअरवर वाजणारी गाडी आणि सिग्नलला ठोकणारी गाडी यांचे आजार सहसा निराळे. पहिलीसाठी टायमिंग, पेट्रोलचा ऑक्टेन आणि ज्वलनकक्षातला कार्बन तपासतात. दुसरीचा ठोका बहुधा यांत्रिक असतो, आणि तिच्या टाकीत महागडे पेट्रोल भरून काही हाती लागत नाही.

कानाने तपासणी : लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या ब्लॉकवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवणे ही जुन्या मिस्त्रींची रीत, पंखा आणि बेल्ट यांच्यापासून हात जपावा लागतो. आधी ठोक्याची गती पाहतात. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट ४०० घेते. म्हणजे एका ढिल्या टॅपेटची टिकटिक सेकंदाला सहा-सात वेळा येते, क्रँकशी बांधलेला ठोका साधारण तेरा वेळा. टॅपेट वरून, झाकणाखालून बोलतो. रॉडचे बेअरिंग खालून, ऑइलच्या चेंबरच्या बाजूने. गार इंजिनात खडखडणारा आणि तापल्यावर मिटणारा आवाज पिस्टनचा असण्याची शक्यता जास्त. बेअरिंगचे उलट होते : तेल तापून पातळ झाले की ठोका वाढतो.

यानंतर एकेका सिलिंडरची पाळी. चालू इंजिनात एका प्लगचा करंट तोडायचा आणि ऐकायचे. ठोका दबला किंवा त्याचा सूर बदलला, तर संशय त्या सिलिंडरच्या रॉडवर जातो. ठोका तसाच राहिला आणि इंजिनाचा वेगही घटला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच मिसिंग करत होता. बंद पडण्याचे कारण तिथेच शोधावे. एकाच कृतीतून दोन्ही तक्रारींचा माग लागतो, म्हणून कोणत्याही महागड्या यंत्राआधी ही चाचणी करावी. नव्या गाड्यांत मात्र प्लगऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढतात. नाहीतर न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते.

बंद पडणे : कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची १,०८९ घन सें.मी.ची पद्मिनी आणि सुरुवातीची मारुती ८०० या कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर दोन पिढ्यांचे मिस्त्री घडले. यांत पहिले संशयित दोन : स्लो जेटमधला कचरा आणि कार्ब्युरेटरखालच्या गॅस्केटमधून आत शिरणारी फुकटची हवा. तापलेल्या इंजिनाचा चोक किंचित ओढताच आयडलिंग सुधारले, तर मिश्रण पातळ आहे हे ठरले. स्लोचा मिश्रण-स्क्रू पूर्ण आवळूनही काहीच फरक पडला नाही, तर पेट्रोल त्या वाटेने येतच नाही किंवा थ्रॉटल नको तितके उघडे ठेवले आहे. पॉइंट काळे पडणे, कंडेन्सर निकामी होणे हेही नेहमीचे.

व्हॅक्यूम गेज स्वस्त आणि बोलके उपकरण आहे. समुद्रसपाटीला निरोगी इंजिनात काटा आयडलिंगला १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. दर हजार फुटांच्या चढाईला सुमारे एक इंच घटतो. मुंबईत १९ दाखवणारी गाडी महाबळेश्वरला १५ दाखवेल, आणि तो दोष नव्हे. काटा खाली पण स्थिर असेल तर हवा शिरते आहे किंवा टायमिंग मागे आहे. ठरावीक लयीत झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

दोन्ही एकत्र : ऑइल कमी पडून बेअरिंग झिजले असेल आणि आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, तर इंजिन लगेच बंद करावे; बाकी तपासणी नंतर. टायमिंग चेन दात सोडून सरकली की इंजिन बेसूर होते, आवाज करते आणि बंदही पडते. सर्वांत फसवे कारण म्हणजे फाटलेले फाउंडेशन रबर. मिसिंगने हादरणारे इंजिन चासीवर आपटते आणि मालक त्यालाच नॉकिंग म्हणतो. येथे ठोका हा आजार नसून मिसिंगचा परिणाम असतो. अशी इंजिने विनाकारण खोलली गेल्याच्या कहाण्या गॅरेजांत कमी नाहीत.

सीएनजी : या वायूचा ऑक्टेन १२० च्या आसपास असल्याने ज्वलनाचे नॉकिंग जवळपास संभवत नाही. सीएनजीवर आयडलिंगला ठोकणाऱ्या टॅक्सीत थेट बेअरिंग आणि टॅपेटकडे वळावे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल : इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, म्हणून नॉकिंगचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटर यांवरील परिणामांबाबत मतभेद आहेत.

इंजेक्शनच्या गाड्या : स्कॅनरवर पी०१७१ म्हणजे पातळ मिश्रण, पी०३०० मिसिंग, पी०३२५ नॉक सेन्सरचे सर्किट, पी०५०५ आयडल नियंत्रण. कोड दिशा दाखवतो, नेमका भाग सांगत नाही. थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन साफ करून पाहावा.

डीझेल इंजिने : आयडलिंगचा ठोका काही प्रमाणात स्वाभाविक, निदानपद्धती वेगळी.