उल्कानिरीक्षण, युरोपातील हौशी

एकाच उल्कावर्षावावर अनेक देशांतल्या हौशी निरीक्षकांनी ठरलेल्या पद्धतीने नजर ठेवायची आणि नोंदी एकत्र करायच्या, अशी कामाची रीत. 1988 मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशन (आयएमओ) हे या कामाचे मुख्य केंद्र. नावाने ती जगाची असली तरी तिची मुळे युरोपातच आहेत.

उल्का साधारण 80 ते 120 किमी उंचीवर पेटतात. दोन ठिकाणांहून एकच उल्का पाहिली तर तिची उंची काढता येते, हे ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग या गॉटिंगेनच्या विद्यार्थ्यांनी 1798 मध्येच दाखवले होते. वर्षावाचा जोर मोजण्यासाठी मात्र दोघे पुरत नाहीत. एकाकडे ढग येतात, दुसऱ्याकडे उजाडते.

निरीक्षक पांघरूण घेऊन आरामखुर्चीत रेलतो आणि आकाशावरची नजर न काढता रेकॉर्डरवर बोलत राहतो : वेळ, उल्केची प्रत (तेजस्विता), ती कोणत्या वर्षावातली. अधूनमधून तो नेमून दिलेल्या त्रिकोणांतले तारे मोजतो. किती अंधूक तारा दिसत होता, हे त्या संख्येवरून कोष्टकात सापडते. ढगांनी झाकलेला भागही लिहायचा. या सगळ्यावरून खमध्य तासिक दर काढतात. म्हणजे वर्षावातल्या उल्का आकाशात जिथून येताना भासतात तो उगमबिंदू थेट डोक्यावर असता आणि 6.5 प्रतीपर्यंतचे तारे दिसत असते, तर एका माणसाला तासाभरात किती उल्का दिसल्या असत्या तो आकडा. खरे श्रेय या हिशेबाचे आहे. आकाशाची स्थिती न नोंदवता नुसत्या ‘शंभर उल्का पाहिल्या’ म्हणण्याला शास्त्रात किंमत नाही.

18 नोव्हेंबर 1999 च्या पहाटे सिंह उल्कावर्षावाने ही पद्धत कसोटीला लावली. डेव्हिड ॲशर आणि रॉबर्ट मॅकनॉट यांनी शिखराची वेळ जागतिक वेळेनुसार 2:08 वर्तवली होती. निरीक्षकांच्या एकत्रित नोंदींतून ती 2:02 आली आणि दर सुमारे 3,700.

ढगाळ रात्री आणि दिवसाही रेडिओ कामी येतो. अवकाशातल्या वस्तूंवर पाळत ठेवणाऱ्या ‘ग्राव्ह्ज’ या फ्रेंच लष्करी रडारच्या लहरी उल्केच्या मागावरून परावर्तित होतात आणि 143.05 मेगाहर्ट्झवर शेजारच्या देशांतल्या हौशींनाही ऐकू येतात. व्हिडिओ कॅमेऱ्यांनी तर रात्रभर जागण्याचे कष्टच वाचवले. पण जुन्या नोंदींशी तुलना करायची तर डोळ्यांनी केलेली मोजणी अजून हवीच.

12 फेब्रुवारी 2023 च्या रात्री हंगेरीतून सुमारे मीटरभराचा एक लघुग्रह सापडला. साधारण सात तासांनी तो नॉर्मंडीवर पेटला, तेव्हा कॅमेरे सज्ज होते. त्याचा पहिला तुकडा दोन दिवसांनी सँ-प्येर-ल-व्हिजे या गावाजवळ शोधपथकातील स्वयंसेवकाला मिळाला.