जलोदराचे मूळ

इ. स. १८८६ मध्ये कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाची धुरा डॉ. आनंदीबाई जोशी यांजकडे सोपविण्याचे ठरविले. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यात त्यांचे देहावसान झाले. पुढे राजर्षी शाहू छत्रपतींच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी कोल्हापुरात स्त्रियांची वैद्यकीय सेवा केली. पोटाचे दुखणे परपुरुषापाशी बोलावयाचे नाही, अशा संकोचात वाढलेल्या स्त्रीला वैद्य म्हणून स्त्रीच लाभणे केवढे मोलाचे होते, हे निराळे सांगावयास नको.

त्या संकोचाआड दडणाऱ्या एका रोगाची ही कथा. उदराच्या पोकळीस आतून जे पातळ अस्तर असते, त्यास पर्युदर म्हणतात. क्वचित कर्करोग प्रथम तेथेच प्रकट होतो. पोट पाण्याने फुगते. प्राचीनांस त्यातील जलोदर तेवढे दिसे. पोटास छिद्र पाडून ते पाणी सावकाश काढण्याची रीत सुश्रुताने वर्णिली आहे. पण पाणी काढले तरी त्याचे मूळ आतच राही.

ते मूळ पाहावयाचे तर पोट उघडणे प्राप्त होते. इ. स. १८०९ मध्ये अमेरिकेतील केंटकी प्रांतात मॅकडॉवेल यांनी भुलीवाचून एका स्त्रीच्या अंडाशयाची प्रचंड गाठ काढली, आणि ती स्त्री जगली! १८४६ मध्ये ईथरची भूल आली, १८६७ मध्ये लिस्टर यांची जंतुनाशक पद्धती प्रसिद्ध झाली. तेव्हा कोठे गर्भाशय काढणे हे मृत्यूशी केलेले साहस न राहता उपचार ठरू लागले.

१९५९ मध्ये स्वर्डलो यांनी अंडाशयाच्या कर्करोगासारखीच दिसणारी, परंतु पर्युदरात उपजलेली गाठ वर्णिली. १९८२ मध्ये तर असे प्रसिद्ध झाले, की ज्या घराण्यांत अंडाशयाचा कर्करोग पिढीजात होता, तेथील काही स्त्रियांची अंडाशये खबरदारी म्हणून आधीच काढली असताही, पुढे त्यांच्या उदरात तसाच कर्करोग पसरला. २००१ पासूनच्या संशोधनाने अशा पुष्कळ कर्करोगांचे बीज अंडनलिकेच्या टोकाशी असावे, असा कयास बळावला. म्हणून २०१४ पासून अंडाशय, अंडनलिका व पर्युदर या तिहींच्या कर्करोगांच्या पायऱ्या एकाच कोष्टकात मोजतात.

मग गर्भाशय काढण्याचे प्रयोजन काय? ते एकट्याने रोगाचे निर्मूलन करीत नाही. गर्भाशय, दोन्ही अंडाशये, अंडनलिका, आतड्यांवरील मेदाचा पदर व डोळ्यांस दिसणाऱ्या साऱ्या गाठी काढून रोगाचा शक्य तितका अंश नाहीसा करावयाचा, आणि शस्त्रक्रियेच्या आधी, नंतर वा दोन्ही वेळी औषधांनी उरलेल्यावर मारा करावयाचा, अशी ही योजना आहे. गर्भाशय काढणे हे तिचे एक अंग होय.

यातून गृहिणींनी एकच गोष्ट ध्यानी धरावी. ‘माझी पिशवी पूर्वीच काढली आहे, आता मला कसली भीती?’ हा भरवसा पुरेसा नाही. पोट सतत फुगू लागले, थोडक्या अन्नाने भरू लागले, अथवा कारणावाचून दुखत राहिले, तर वैद्यापाशी जावे. तेथे संकोच करू नये.